मार्चचे ब्रेकडाउन ४१ की ५५? शेअरपॉइंट लिस्ट एक्सेलमध्ये आणली की आकडा बदलतो

बारा_तेराचा_पाना
९ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनर आहे. पत्र्याचे पार्ट, प्रेस शॉप, तीन शिफ्ट, गुरुवारी सुट्टी. मी आयटीतली नाही, मेकॅनिकल डिप्लोमावाली आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आमच्याकडे मशीन बंद पडलं की ऑपरेटर किंवा सुपरवायझर मोबाइलवरून शेअरपॉइंटच्या (ऑनलाइन नोंदी ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय) लिस्टमध्ये नोंद टाकतो. तारीख, मशीन, किती मिनिटं बंद, कुणी अटेंड केलं आणि शेरा. शेरा बहुतेक मराठीतच असतो, "हायड्रॉलिक पाइप फुटला", "सेन्सरवर तेल उडालं" असा. महिनाअखेरीला मी हे सगळं एक्सेलमध्ये घेते आणि प्लांट हेडना एक पान देते: ब्रेकडाउन किती, एकूण डाउनटाइम (मशीन बंद असलेला वेळ) किती, एमटीटीआर (दर ब्रेकडाउनमागे दुरुस्तीला लागलेला सरासरी वेळ) किती.

आधीचे प्लॅनर दरवेळी लिस्टवरचं "एक्सपोर्ट टू एक्सेल" दाबायचे. जानेवारीत ते नोकरी सोडून गेले. मला त्यांची फाइल आवडत नव्हती, कारण जिथे दोघांनी मिळून काम केलं तिथे नावांच्या जागी "शिंदे;#२७;#पठाण;#३१" असलं काहीतरी यायचं आणि ते हाताने साफ करावं लागायचं. म्हणून मी व्हिडिओ बघून पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा एक्सेलमध्ये आणून साफ करायची सोय) शिकले. एक्सेलमध्येच "गेट डेटा", मग "फ्रॉम शेअरपॉइंट ऑनलाइन लिस्ट", पत्ता टाकला, लिस्ट आली. नावं स्वच्छ, रिफ्रेश दाबलं की नवा डेटा. मी इतकी खूश झाले की दोन महिने तोच रिपोर्ट दिला.

परवा ऑडिटची तयारी करताना सहज म्हणून जुन्या पद्धतीनेही मार्च काढून बघितला. जुन्या पद्धतीने ४१ ब्रेकडाउन, ६२ तास १० मिनिटं. माझ्या फाइलमध्ये ५५ ब्रेकडाउन, ८५ तास ५ मिनिटं.

लिस्ट एकच, महिना एकच. आणि गंमत बघा, एमटीटीआर एकीकडे ९१ मिनिटं आणि दुसरीकडे ९३. वर-खाली दोन्ही आकडे फुगले, भागाकार तसाच राहिला. आमच्या मीटिंगमध्ये सगळे एमटीटीआरच बघतात, म्हणून कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही.

अजून एक विचित्र प्रकार. वारानुसार पिव्हट केलं तर गुरुवारी भरपूर ब्रेकडाउन दिसतात आणि बुधवार जवळजवळ कोरा. अहो, गुरुवारी आमच्या गेटला कुलूप असतं! बंद कारखान्यात प्रेस कशी बिघडेल?

(एक्सपोर्टचं बटण कुठे आहे ते मला माहीत आहे, कृपया ते सांगू नका. आतापर्यंत तिघांनी तेच सांगितलंय.)

जाता जाता दोन छोटे प्रश्न. एक, साहेबांना सीएसव्ही पाठवली की त्यांच्याकडे स्टेशन नंबर ४-११ च्या जागी "४ नोव्हेंबर" दिसतं. दोन, जून २०२४ च्या आधी लिस्ट नव्हती, सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. ते एक्सेलमध्ये आणता येईल का?

---

सर्व्हररूमचा_पंखा
९ एप्रिल, रात्री ११:२५

पानाताई, अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. गुरुवार.

शेअरपॉइंट तारीख आपल्या वेळेत साठवत नाही, यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतो. तुमच्या माणसाने "७ मार्च, शुक्रवार" एवढंच निवडलं तरी आत जाते ती ७ मार्चची मध्यरात्र, आपल्या घड्याळाप्रमाणे. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे तिकडे ती ६ मार्च, १८:३० झाली. लिस्ट स्क्रीनवर दाखवताना ते परत आपल्या वेळेत फिरवलं जातं. जुन्या बटणाने जी आयक्यूवाय फाइल येते तीही साइटच्या वेळेप्रमाणेच तारीख देते. पॉवर क्वेरी मात्र कोठारातला माल जसाच्या तसा उचलून आणते.

नंतर तुम्ही त्या कॉलमचा टाइप बदलून "डेट" केला असणार. तिथे १८:३० कापलं गेलं आणि उरला ६ मार्च, गुरुवार. शुक्रवारचं सगळं गुरुवारी आलं, गुरुवारचं (म्हणजे काहीच नाही) बुधवारी गेलं.

खात्री करायची तर क्वेरीत मागे जा, उजवीकडच्या यादीत "चेंज्ड टाइप" नावाची पायरी असेल, तिच्या आधीच्या पायरीवर क्लिक करा. सगळीकडे १८:३० दिसलं तर रोग हाच.

औषध: टाइप "डेट" करायच्या आधी साडेपाच तास मिळवा. कस्टम कॉलम घ्या, तारखेच्या कॉलमपुढे अधिक चिन्ह, मग हॅश-ड्युरेशन आणि कंसात चार आकडे: ०, ५, ३०, ०. दिवस, तास, मिनिटं, सेकंद. मग त्या नव्या कॉलमला "डेट" करा.

थोडक्यात, तुमचा मार्च म्हणजे २ मार्च ते १ एप्रिल आहे. पण एवढ्याने १४ चा फरक पडणार नाही. दुसरी भानगड नक्की आहे. अटेंड करणाऱ्यांच्या नावाचा कॉलम कसा उघडलात?

---

बारा_तेराचा_पाना
९ एप्रिल, रात्री ११:५२

१८:३०!! सगळीकडे, खालपर्यंत. शाळेतल्या प्रार्थनेसारखे एका रांगेत उभे आहेत.

नावाचा कॉलम: त्याच्या डोक्यावर दोन बाजूंना फाकलेले बाण होते. त्यावर क्लिक केलं, "एक्सपांड टू न्यू रोज" आलं, हो म्हटलं. नावं छान उघडली म्हणून पुढे गेले.

---

रोजमेळ
१० एप्रिल, सकाळी ६:१५

ताई, मी साखर कारखान्याच्या अकाउंट्समधून निवृत्त झालेला माणूस. तुमची पॉवर क्वेरी मी पाहिलेली नाही, पण ही चूक मी फॉक्सप्रोच्या जमान्यापासून पाहत आलोय.

"न्यू रोज" या दोन शब्दांतच सगळं आलं. एका ब्रेकडाउनला शिंदे आणि पठाण दोघं गेले. तुम्ही नावं उघडलीत तेव्हा एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, आणि ९० मिनिटं शिंद्यांच्या ओळीतही आली आणि पठाणांच्या ओळीतही. मशीन ९० मिनिटं बंद होतं, तुमची बेरीज म्हणते १८०.

आमच्याकडे रोजमेळात व्यवहार एकदाच लिहायचा आणि खतावणीत तो संबंधित खात्यांवर चढवायचा. जमा-खर्चाची एकूण बेरीज कधी खतावणीच्या सगळ्या पानांवरून घेत नसतात. तुम्ही खतावणी उघडून रोजमेळाची बेरीज केलीत.

तेव्हा दोन वेगळे तक्ते करा. पहिल्यात फक्त ब्रेकडाउन: आयडी, तारीख, मशीन, मिनिटं. नावाचा कॉलम तिथून काढूनच टाका. दुसऱ्यात आयडी आणि नाव, एवढंच, त्याच्या पाहिजे तेवढ्या ओळी होऊ द्या. कुणी किती कामं केली ते दुसऱ्यावरून, मशीन किती बंद होतं ते पहिल्यावरून. आयडी दोन्हीकडे ठेवायला विसरू नका, नाहीतर उद्या जोडता येणार नाही.

आणि एक सवय लावून घ्या. फाइल काढण्याआधी लिस्टमध्ये मार्चचा फिल्टर लावून दोन आकडे वहीत लिहायचे, एकूण नोंदी आणि एकूण मिनिटं. एक्सेलमध्ये आल्यावर तेच दोन पुन्हा बघायचे. इंग्लंडात २०२० च्या ऑक्टोबरात कोरोनाच्या १५,८४१ केसेस मोजणीतून सुटल्या होत्या. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा, पुढच्या ओळी बसल्याच नाहीत. तिथे कुणी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या ओळी मोजल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं.

---

स्लाऊकर
१० एप्रिल, सकाळी ११:०५

पंखेसाहेबांच्या उत्तराला +१. पण तुम्ही भारतात आहात म्हणून सुटलात, असं म्हणेन.

आमच्या इंग्लंडमधल्या ऑफिसात हीच तारखेची गडबड झाली आणि सापडायला वर्ष गेलं. हिवाळ्यात इथली वेळ आणि यूटीसी एकच, म्हणजे मध्यरात्र ही मध्यरात्रच राहते, तारीख बरोबर. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे गेली की मध्यरात्रीचे २३:०० होतात, आदल्या दिवसाचे. रिपोर्ट नोव्हेंबर ते मार्च बरोबर आणि उन्हाळाभर एक दिवस मागे! ज्याने जानेवारीत तपासून सही केली तो जुलैत भांडत होता की मी तपासलंय. त्याचंही खरंच होतं. यंदा घड्याळं ३० मार्चलाच पुढे गेलीत, म्हणून हे आठवलं.

इथे सरळ एक तास मिळवून भागत नाही, तुमच्याकडे साडेपाच बारा महिने चालतात.

एवढं मात्र बघा: साइटच्या सेटिंगमध्ये "रीजनल सेटिंग्ज" असतात, तिथे टाइम झोन भारताचा आहे ना? १८:३० दिसतंय म्हणजे असणारच. कुणाला १८:३० ऐवजी सकाळचे ७ किंवा ८ दिसले तर त्यांची साइट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते असं समजावं.

---

सर्व्हररूमचा_पंखा
१० एप्रिल, दुपारी १:३०

रोजमेळ काका, साष्टांग. आम्ही याला "वन टू मेनी" म्हणून तीन दिवसांचं ट्रेनिंग देतो.

४-११ चं सांगतो. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर आणि स्वल्पविराम. त्यात "हा नंबर आहे, तारीख नाही" असं सांगायला जागाच नसते. साहेब फाइलवर डबल क्लिक करतात आणि एक्सेल स्वतःच्या अकलेने ठरवतो. भारतीय सेटिंग असेल तर ४ नोव्हेंबर, लॅपटॉप अमेरिकी सेटिंगवर असेल तर ११ एप्रिल. १४-१५ मात्र तसाच राहतो, कारण १४ वा महिना नाही आणि १५ वाही नाही. म्हणून अर्धे स्टेशन नंबर बरोबर दिसतात आणि माणूस गाफील राहतो. तसंच ००१२ चा १२ होतो. आणि एकदा साहेबांनी ती फाइल सेव्ह केली की मूळ नंबर गेला, परत मिळत नाही.

हे दुखणं एकट्या तुमचं नाही. जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये या त्रासापायी "मार्च १" चं "मार्चएफ १" आणि "सेप्ट १" चं "सेप्टिन १" करून टाकलं. एक्सेल त्यांच्याही तारखा करत होता.

उपाय: साहेबांना सीएसव्ही पाठवूच नका. एक्सएलएसएक्स, म्हणजे नेहमीची एक्सेल फाइल पाठवा, त्यात स्टेशनचा कॉलम "टेक्स्ट" ठेवून. सीएसव्ही उघडायचीच असेल तर डबल क्लिक नाही, "डेटा" टॅबमधून "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही", आणि तिथे स्टेशन कॉलमला टेक्स्ट म्हणून सांगायचं. किंवा लिस्टमध्येच स्टेशन "एल४-एस११" असं लिहायला लावा. ऑपरेटर शिव्या देतील, पण एकदाच.

तारखेसाठी "क्रिएटेड" (नोंद केव्हा टाकली ती वेळ) कॉलम वापरा असं कुणी सुचवलं तर काय कराल? तो आपोआप भरतो, माणसाची चूक होत नाही.

---

बारा_तेराचा_पाना
१० एप्रिल, दुपारी ३:१०

"क्रिएटेड" आम्हाला चालणार नाही. थर्ड शिफ्ट रात्री ११ ते सकाळी ७. रात्री दोन वाजता प्रेस बंद पडली तर आम्ही तारीख टाकतो ती शिफ्ट सुरू झाली त्या दिवसाची. प्रॉडक्शनचा दिवस सकाळी ७ ला उजाडतो, १२ ला नाही. "क्रिएटेड" घेतला तर रात्रीचे सगळे ब्रेकडाउन दुसऱ्या दिवसात जातील आणि प्रॉडक्शनवाले म्हणतील तुमचा आमचा मेळ बसत नाही. वर नोंद टाकणारा कधीकधी शिफ्ट संपताना चहा पिऊन टाकतो, ते वेगळंच.

संध्याकाळी बसते आणि दोन तक्ते करते. काका, वही घेतलीय.

---

वाडीतला_वायरमन
१० एप्रिल, रात्री ९:००

व्हॉट्सॲपचं मी केलंय. नळपाण्याच्या तक्रारी आमच्याकडे ग्रुपवरच येतात, त्या सभेपुढे ठेवायच्या होत्या.

ग्रुप उघडून "एक्सपोर्ट चॅट", आणि मीडियाशिवाय घ्या. मीडियासकट घेतलं तर शेवटचे १०,००० मेसेज येतात, मीडियाशिवाय ४०,०००. तीन शिफ्टचा ग्रुप, त्यात गुड मॉर्निंग आणि वाढदिवस, म्हणजे ४०,००० कधीच ओलांडले असतील. ते शेवटचे असतात, पहिले नाहीत, म्हणून तुम्हाला हवा तोच जुना भाग कापला जाणार. यावर माझा जुगाड: जो कुणी जून-जुलै २०२४ च्या सुमारास ग्रुपमधून बाहेर पडला असेल आणि ज्याने चॅट पुसलं नसेल त्याच्या फोनमधून काढा. त्याची गाडी तिथेच थांबलेली असते. तुमचे सोडून गेलेले प्लॅनर अजून फोन उचलतात का?

फाइल साधी टेक्स्टची येते. एक्सेलमध्ये आणताना वर "फाइल ओरिजिन" विचारतं, तिथे "६५००१ युनिकोड यूटीएफ-८" निवडा. नाही निवडलं तर मराठी शेऱ्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्यामागे चार पाय फुटलेला वाटोळा किडा, अशी रांग लागते. देवनागरीचं एक अक्षर तिथे तीन तुकड्यांत साठवतात, पहिले दोन तुकडे जवळजवळ सगळ्या अक्षरांना सारखेच. म्हणून तो किडा पुन्हा पुन्हा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पुन्हा नीट उघडली की मराठी परत येतं.

मग तीन त्रास. लांब मेसेज तीन-चार ओळींत असेल तर पहिल्या ओळीलाच तारीख असते, पुढच्या ओळी अनाथ. दुसरं, वेळ आणि एएम-पीएमच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते ती आपल्या स्पेसबारची नसते, वेगळंच अरुंद चिन्ह असतं. मी एक अख्खी दुपार "फाइंड रिप्लेस" करत बसलो, सापडेना. शेवटी फाइलमधूनच ते चिन्ह कॉपी करून फाइंडच्या खिडकीत चिकटवलं तेव्हा गेलं. तिसरं, ज्याच्या फोनमधून काढाल त्याच्या फोनबुकातली नावं येतात. माझ्या सभेच्या कागदावर "बंड्या मोटर जुना नंबर" छापून आलं होतं. बंड्या समोरच बसला होता.

---

बारा_तेराचा_पाना
१२ एप्रिल, रात्री १०:१५

झालं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून हिशेब लिहून ठेवते.

काकांच्या सांगण्याप्रमाणे आधी वहीत लिहिलं: लिस्टमध्ये मार्च, ४१ नोंदी, ३,७३० मिनिटं.

साडेपाच तास न मिळवल्यामुळे १ मार्चचा एक ब्रेकडाउन (३५ मिनिटं) फेब्रुवारीत गेला होता आणि १ एप्रिलचे तीन (मिळून १२५ मिनिटं) मार्चमध्ये घुसले होते. म्हणजे ४३ नोंदी, ३,८२० मिनिटं. १ एप्रिल म्हणजे नवं आर्थिक वर्ष. नव्या वर्षाचे तीन ब्रेकडाउन मी जुन्या वर्षाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते, आणि तेही ऑडिटच्या तोंडावर.

त्या ४३ पैकी १२ ठिकाणी दोघं दोघं गेले होते. त्यांच्या १२ जास्तीच्या ओळी, १,२८५ जास्तीची मिनिटं. ४३ अधिक १२, पंचावन्न. ३,८२० अधिक १,२८५, पाच हजार एकशे पाच, म्हणजे ८५ तास ५ मिनिटं. मिनिटाला मिनिट जुळलं. फेब्रुवारीचाही रिपोर्ट तसाच चुकला होता, तो काढून दुरुस्त केला आणि साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "म्हणजे डाउनटाइम वाढला म्हणून प्रेस शॉपवाल्यांना मी उगाच झापलं?" मी काही बोलले नाही.

आता एक्सएलएसएक्सच पाठवते, स्टेशनचा कॉलम टेक्स्ट करून. व्हॉट्सॲपसाठी आधीच्या प्लॅनरना फोन केला. ते जानेवारीपर्यंत ग्रुपमध्ये होते, त्यामुळे त्यांच्या चॅटमधूनही २०२३ चा ऑक्टोबर ते पुढचा भागच मिळाला. पण निदान तेवढा तरी आहे.

शेवटी वारानुसार पिव्हट पुन्हा काढलं. ६, १३ आणि २० मार्च, तिन्ही गुरुवार कोरे. २७ तारखेच्या गुरुवारी मात्र दोन ब्रेकडाउन अजून दिसत होते. पोटात गोळाच आला, म्हटलं अजून कुठेतरी साडेपाच तास शिल्लक आहेत. क्वेरी तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग उठून गेटवर गेले आणि सिक्युरिटीचं रजिस्टर मागवलं. यंदा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला, त्याची सुट्टी द्यायची म्हणून २७ च्या गुरुवारी आम्ही प्लांट चालू ठेवला होता. रजिस्टरमध्ये त्या दिवशी सकाळी ६:५० ला माझीच सही आहे.